जैसलमेरला तारे पाहायला जाताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

राजस्थानात, थरच्या वाळवंटात जाऊन तारे पाहण्याविषयी बरीच पत्रे आली आहेत. दुर्बीण कोणती घ्यावी, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे. आम्ही मात्र सुरुवात तारखेपासून करतो, कारण तारीख चुकली तर कुठलीही दुर्बीण ती चूक भरून काढत नाही.

प्रश्न (ठाणे): आम्ही चार कुटुंबे आहोत. मुलांच्या नाताळच्या सुट्टीत, २५ ते ३१ डिसेंबर, जैसलमेरचे बुकिंग करायचे ठरते आहे. आकाशगंगा दिसावी एवढीच इच्छा. तारखा बरोबर आहेत का?

उत्तर: नाताळची सुट्टी चंद्राच्या हिशेबाने येत नाही. एकाच तारखेची तिथी दरवर्षी साधारण ११ दिवसांनी पुढे सरकते. त्यामुळे एखाद्या वर्षी २५ डिसेंबरला काळोख मिळतो, तर एखाद्या वर्षी ऐन पौर्णिमा येते. पौर्णिमेच्या चांदण्यात वाळूच्या टेकड्या फार देखण्या दिसतात, पण आकाशगंगा पुसली जाते. पैसे भरण्याआधी भिंतीवरची दिनदर्शिका काढा.

हिशेब सोपा आहे. संकष्टीच्या दिवशी चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, ती रात्री नऊच्या आसपास असते. त्यानंतर चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो. म्हणजे कृष्ण अष्टमीला तो मध्यरात्रीच्या सुमारास येतो आणि तोपर्यंत तुम्हाला चार-साडेचार तासांचा काळोख मिळतो. तिथपासून अमावास्येपर्यंत प्रत्येक रात्र आधीच्या रात्रीपेक्षा चांगली. अमावास्येनंतर शुद्ध तृतीयेपर्यंत संध्याकाळच्या कोवळ्या कोरीचा काही त्रास नाही. मुक्काम नेमका अमावास्येलाच हवा असा हट्ट नको. तीन रात्री हाताशी ठेवा, एक ढगांत गेली तरी दोन उरतात.

मुले आणि सुट्टी हीच अडचण असेल तर आमचे स्पष्ट मत: नाताळ सोडा, दिवाळी घ्या. लक्ष्मीपूजन अमावास्येलाच असते, त्यामुळे वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंतचा सगळा काळ दरवर्षी काळोखाचाच असतो. लक्ष्मीपूजन घरी करून निघालात तरी चालते. पंचमीचा चंद्रही रात्री दहाच्या आत मावळतो. हवा कोरडी असते, थंडी बोचरी नसते आणि साडेसातच्या आत पूर्ण काळोख होतो. ऐन लक्ष्मीपूजनाच्या रात्री मात्र जैसलमेर गावात राहू नका, फटाक्यांचा धूर खाली साचून राहतो.

एक गफलत मराठी माणसांची हमखास होते. आपला महिना अमावास्येला संपतो, राजस्थानात तो पौर्णिमेला संपतो. आपण जिला कार्तिक अमावास्या म्हणतो तिला तिथले लोक मार्गशीर्ष, म्हणजे मिगसर अमावास्या म्हणतात. तुम्ही फोनवर ‘कार्तिक अमावास्या’ म्हणालात तर कॅम्पवाला दिवाळीची रात्र लिहून घेईल. तिथी स्वतःसाठी ठेवा, बुकिंग इंग्रजी तारखेवर करा. आणि जैसलमेरचा प्रसिद्ध मरू महोत्सव माघ पौर्णिमेला धरून भरतो, हेही ध्यानात असू द्या. उंटांच्या शर्यती पाहायला तेव्हा जरूर जा, तारे पाहायला नको.

आता आकाशगंगेबद्दल. फोटोंत दिसतो तो धनू-वृश्चिकाकडचा दाट, तेजस्वी पट्टा डिसेंबरच्या रात्री दिसत नाही, कारण सूर्य त्याच बाजूला असतो. हिवाळ्यात मृग, सारथी, शर्मिष्ठा या तारकासमूहांतून जाणारा फिकट पट्टा दिसतो. तो सुंदर असतो, पण फोटो मनात ठेवून गेलेल्यांचा विरस होतो. दाट भाग पाहायचा तर मार्चमधल्या अमावास्येच्या आसपास पहाटे चार ते साडेपाच या वेळात आग्नेय-दक्षिणेला पाहा. साडेपाचला तो क्षितिजापासून सुमारे ३० अंश वर आलेला असतो. ऑक्टोबरअखेरीस काळोख पडताच तो नैऋत्येला खाली उतरलेला असतो आणि तासा-दीड तासात जातो, पण हंस आणि श्रवणाकडचा झळझळीत पट्टा तेव्हा माथ्यावर असतो. मे-जूनमध्ये दाट भाग रात्रभर दिसतो खरा. त्या दिवसांत पारा ४५ अंशांवर जातो आणि धुळीची वादळे उठतात. कुटुंबासह तेव्हा जाऊ नका.

प्रश्न (इंदूर): जैसलमेरजवळ मुक्काम कुठे करावा, सम की खुरी? सगळे कॅम्पवाले ‘आमच्याकडे तारे दिसतात’ असेच सांगतात.

उत्तर: तारे सगळीकडेच दिसतात, प्रश्न किती दिसतात हा आहे. सम जैसलमेरच्या पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवर आहे. तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी तंबूंच्या वसाहती आहेत आणि बहुतेक ठिकाणी संध्याकाळी नाचगाणे, मोठे स्पीकर, प्रखर एलईडी दिवे असतात. खुरी (पाट्यांवर ‘खुहडी’) नैऋत्येला, जवळपास तेवढ्याच अंतरावर आहे. टेकड्या लहान, पण वस्ती कमी आणि दिवे कमी. आमची पसंती खुरीला. दक्षिण क्षितिज मोकळे मिळते हा तिथला दुसरा फायदा.

गाव कोणतेही असो, घात करतो तो तंबूसमोरचा एक दिवा. शहराचा उजेड ४० किलोमीटरवर क्षितिजाशी एक फिकट घुमट होऊन राहतो. १० मीटरवरचा पांढरा बल्ब मात्र तुमच्या डोळ्यांची बाहुली मिटवतो आणि ती रात्र वाया जाते. डोळ्यांना पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि एका मोबाइलच्या झोताने ती सगळी मेहनत पाण्यात जाते.

म्हणून कॅम्पवाल्याला ‘तारे दिसतात का’ असे विचारू नका. विचारा: अंगणातले दिवे किती वाजता बंद होतात, आणि ते बंद करणारा माणूस रात्री जागा असतो का? जनरेटर कुठे आहे? शेजारचा कॅम्प किती मीटरवर आहे आणि त्याचे झोत कोणत्या बाजूला आहेत? आमचा तंबू दक्षिण टोकाला मिळेल का? तंबूपासून चालत जाता येईल अशी, वाळूची नव्हे तर कडक जमिनीची मोकळी जागा आहे का? उत्तरे व्हॉट्सॲपवर लिहून मागवा. नियमाने रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावे लागतात, पण दिव्यांना तसा नियम नाही. तो करार तुम्हालाच करावा लागतो. वेगळे पैसे मागितले तर द्या. आमच्या मते या सहलीतला सगळ्यात सार्थकी लागणारा खर्च तोच.

पोहोचल्यावर दिवस असतानाच जागा पाहून ठेवा. टेकडीच्या माथ्यावर बसू नका, तिथे वारा आणि उडती वाळू असते. कॅम्पच्या विरुद्ध बाजूला, टेकडीच्या पायथ्याशी बसा म्हणजे टेकडीच दिवे अडवते. जैसलमेर परिसरात पवनचक्क्या पुष्कळ आहेत आणि त्यांच्या टोकावरचे लाल दिवे रात्रभर लुकलुकतात, तेव्हा त्या कोणत्या दिशेला येतात तेही उजेडातच पाहा. आकाश खरोखर किती काळे आहे हे कृत्तिका या तारकापुंजावरून कळते. साध्या डोळ्यांनी सहाच मोजता आल्या तर आकाश बेताचे. डोळे सरावल्यावर नऊ-दहा मोजता आल्या तर जागा उत्तम.

प्रश्न (नागपूर): आमच्या जवळ पेंच आहे, तिकडे लडाखचे हानले आहे. मग जैसलमेरच का?

उत्तर: तुम्हाला नागपूरहून पेंच सोडण्याचे काही कारण नाही. २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातले पहिले डार्क स्काय पार्क (कृत्रिम उजेडापासून जपलेले काळे आकाश) म्हणून मान्यता मिळाली आहे. तिथे झाडे क्षितिज अडवतात एवढीच मर्यादा, आणि रात्री कुठेही बसता येत नाही, वनविभागाने ठरवलेल्या जागीच जावे लागते. हानलेचे आकाश देशात सर्वोत्तम. पण ते ४,५०० मीटर उंचीवर आहे. लेहला थांबून शरीर सरावल्याशिवाय जाता येत नाही, परवाना लागतो आणि हिवाळ्यात पारा शून्याखाली खूप उतरतो. ज्येष्ठ मंडळी व लहान मुले बरोबर असतील तर जैसलमेर हाच शहाणपणाचा मध्यम मार्ग: कोरडी हवा, चारी बाजूंनी मोकळे क्षितिज आणि शेवटपर्यंत डांबरी रस्ता.

प्रश्न (सांगली): माझ्याकडे ८ इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) आहे. न्यावी का?

उत्तर: स्वतःच्या गाडीने जात असाल आणि मागची सीट रिकामी असेल तर न्या. नळीच सुमारे सव्वा मीटर लांब असते, बैठकीसह वजन २० किलोच्या घरात जाते. रेल्वे किंवा विमानाने जाणाऱ्यांनी तिचा मोह सोडावा आणि १३० मिलिमीटरची टेबलावर ठेवायची दुर्बीण किंवा नुसता १०×५० द्विनेत्री (दहापट मोठे दाखवणारा, ५० मिलिमीटर भिंगांचा) न्यावा. काळ्या आकाशात १०×५० जे दाखवतो ते शहरातली ८ इंची दाखवत नाही. देवयानीतली दीर्घिका (दुसरी आकाशगंगा), ययातीतला ताऱ्यांचा जोडगुच्छ, मृगातला तेजोमेघ (वायू-धुळीचा उजळ ढग) या सगळ्यांना तो पुरतो. १५×७० घ्यायचा तर तिपाई हवीच, नाहीतर हात थरथरतात आणि काहीच स्थिर दिसत नाही.

मोठी दुर्बीण नेलीत तर वाळू हा खरा शत्रू. खाली २×२ मीटरची ताडपत्री, तिच्यावर १२ मिलिमीटर जाडीचा ६०×६० सेंटिमीटर प्लायवूड आणि त्यावर बैठक. प्लायवूड नसेल तर एक पाय हळूहळू वाळूत जातो आणि शोधलेला तारा दर मिनिटाला निसटतो. तिपाई असेल तर प्रत्येक पायाखाली वीतभर लाकडी फळी ठेवा. डॉब्सोनियनच्या बैठकीत टेफ्लॉनचे तुकडे असतात. त्यांत वाळूचे चार कण गेले तरी नळी झटके देत फिरते. अशा वेळी तेल घालू नका, तेलाला वाळू आणखी चिकटते. बैठक उलगडून कोरड्या ब्रशने झाडा.

नळी सूर्यास्तालाच बाहेर काढून ठेवा. दिवसभर तापलेला आरसा थंड व्हायला ४५ मिनिटे ते तास लागतो, आणि तोवर ग्रह उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखे हलतात. पुष्कळ जण याच वेळी दुर्बीण बिघडली समजून स्क्रू पिळायला लागतात. प्रवासात आरसा हलतोच, म्हणून संरेखन (आरसे एका रेषेत जुळवणे) तिथे गेल्यावर एकदा करायचे, पण उजेड असताना आणि शांतपणे.

काचेवर वाळू बसली तर पुसू नका. पुसले की कण काचेवर ओरखडे काढतात. रबरी फुग्याने हवा मारा, मग मऊ ब्रश, आणि तरीही डाग राहिला तर घरी आल्यावर बघा. वाळवंट असले तरी हिवाळ्यात मध्यरात्रीनंतर दव पडते. योगासनाच्या जुन्या मॅटची गुंडाळी करून नळीच्या तोंडाला पुढे बसवा, लांबी तोंडाच्या दीडपट.

प्रश्न (कोल्हापूर): तिथले आकाश आपल्यापेक्षा वेगळे दिसते का? एका रात्रीत काय काय पाहता येईल?

उत्तर: जैसलमेर २७ अंश उत्तरेला आहे, म्हणून ध्रुवतारा २७ अंशांवर दिसतो. हात ताठ धरून क्षितिजावर मुठीवर मूठ ठेवली, तर एक मूठ म्हणजे सुमारे १० अंश. ध्रुव जवळजवळ तीन मुठी वर. कोल्हापुरात तो दोन मुठींच्याही खाली असतो. उत्तरेकडची नक्षत्रे तिथे वर येतात, दक्षिणेकडची खाली जातात. आपल्याकडे चांगला वर दिसणारा अगस्त्य तारा तिथे जेमतेम एक मूठ वर येतो आणि दक्षिणेचा त्रिशंकू अगदी क्षितिजालगत राहतो.

जानेवारीच्या सुरुवातीची अमावास्या धरू. साडेसातला शर्मिष्ठा उत्तरेला वर असते. तिच्यावरून देवयानीतली दीर्घिका शोधा, माथ्यापासून थोडी पश्चिमेला कललेली, साध्या डोळ्यांनाही धुरकट ठिपका दिसतो. सरळ रोखून पाहिले तर तो नाहीसा होतो, किंचित बाजूला पाहा म्हणजे उमटतो. डोळ्याच्या मध्यभागी मंद उजेड टिपणाऱ्या पेशी नसतात, हे त्याचे कारण. याच वेळी मृग पूर्वेला तीन मुठी वर असतो आणि व्याध नुकताच उगवलेला. मृगातल्या तेजोमेघाची घाई करू नका. तो अकराच्या सुमारास दक्षिणेला सर्वांत वर येतो, तेव्हाच पाहा. त्याआधी जेवण, थोडी झोप. मध्यरात्री ठीक दक्षिणेला अगस्त्य, आणि ईशान्येला सप्तर्षी वर चढलेले. १३-१४ डिसेंबरच्या रात्री गेलात आणि चंद्र नसेल तर मिथुन राशीतला उल्कावर्षाव मिळेल. त्यासाठी दुर्बीण नको, पाठीवर पडून राहायचे. रात्री दोनच्या सुमारास मिथुन माथ्यावर येते, तेव्हा उल्का सर्वाधिक दिसतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये संधिप्रकाश संपल्यावर पश्चिमेला एक तिरका, फिकट सुळका दिसला तर तो गावाचा उजेड समजू नका. तो राशिप्रकाश. सूर्यमालेच्या प्रतलातल्या धुळीवरून परतलेला सूर्याचाच उजेड. शहरातून तो कधीच दिसत नाही, आणि एवढ्यासाठीसुद्धा वाळवंटात जावे असे आम्हाला मनापासून वाटते.

प्रश्न (बडोदा): आम्ही स्वतःच्या कारने येणार. बरोबर अमेरिकेतला भाचा आहे, पासपोर्ट तिकडचा. काही बंधने?

उत्तर: आहेत, आणि ती हलक्यात घेऊ नका. जिल्ह्याची पश्चिम बाजू सरहद्दीची आहे. परदेशी पासपोर्ट असलेल्यांना काही भागांत परवान्याशिवाय जाता येत नाही. भाच्याला कुठवर जाता येईल ते जैसलमेरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात निघण्याआधी विचारा, कॅम्पवाल्याच्या तोंडी शब्दावर राहू नका. प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र जवळ असू द्या. ड्रोन घरी ठेवा. तारे दाखवायचा हिरवा लेझरही घरीच ठेवा: इथे हवाई दलाचा तळ आहे आणि विमानाकडे गेलेला झोत वैमानिकाचे डोळे दिपवतो. उपग्रहावर चालणारा फोन भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाही, भाच्याला हे आधीच कळवा. रात्री निर्जन रस्त्यावर गाडी उभी करून तिपाई लावलीत तर चौकशी होणारच. म्हणून आपल्या कॅम्पच्या हद्दीतच बसावे. कुलधराच्या ओसाड गावात रात्री जाण्याचा बेत अनेक जण करतात, तो सोडा. संध्याकाळी तिथला दरवाजा बंद होतो.

सम आणि खुरी हे मरू राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात आहेत. जमिनीवर अंडी घालणाऱ्या माळढोकाचे हे उरलेसुरले घर. गाडी रस्ता सोडून माळावर घालू नका, टॉर्चचे झोत फिरवू नका. साधी कार वाळूत घातली तर चाक रुतते आणि जोर दिला की अधिकच खोल जाते. पेट्रोल जैसलमेरलाच भरा, नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवा आणि कॅम्पची जागा नकाशावर खूण करून ठेवा. काळोखात सगळ्या टेकड्या सारख्याच दिसतात.

प्रश्न (पुणे): सत्तरीचे आईबाबा बरोबर आहेत. थंडी किती? साप-विंचू?

उत्तर: जानेवारीत पहाटे जैसलमेरला पारा ७-८ अंशांवर येतो, उघड्या वाळूवर त्याहून खाली. चालताना ही थंडी सोसते, पण दोन तास न हलता बसले की हाडांत शिरते. थंडी खालून येते हे लक्षात ठेवा: खुर्चीवर घोंगडी घाला आणि पायांखाली जाड सतरंजी ठेवा. आत लोकरी बनियन, वर स्वेटर, त्यावर वारा अडवणारे जाकीट, दोन मोजे, कानटोपी. मान मागे टाकून उभे राहिले की ज्येष्ठांना चक्कर येते, त्यांच्यासाठी मागे कलणारी खुर्ची हवीच. तंबूपासून बसायच्या जागेपर्यंत दोरी बांधा आणि तिच्यावर पांढऱ्या कापडाचे तुकडे लावा.

कडक थंडीत साप फारसे फिरत नाहीत. मार्चनंतर आणि दिवाळीच्या सुमारास रात्री उबदार असतात, तेव्हा फुरसे बाहेर असते. बंद बूट घाला, घालण्यापूर्वी झटका, उघड्या वाळूवर झोपू नका. दंश झालाच तर बांधाबांध, चिरणे, चोखणे काही नको. अवयव हलू न देता थेट जैसलमेरचे जिल्हा रुग्णालय गाठा. कॅम्पपासून अंतर ४०-५० किलोमीटर आहे, म्हणून रात्री एक गाडी आणि एक जागा चालक कॅम्पवर असेलच याची खात्री करून घ्या.

प्रश्न (डोंबिवली): फोटो काढताना तारे रेघांसारखे येतात. काय चुकते? आणि ढग आले तर?

उत्तर: शटरची उघडझाप लांबते. पृथ्वी फिरते, म्हणून ५०० ला भिंगाच्या मिलिमीटरने भागा. २४ मिलिमीटरला सुमारे २० सेकंद. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात आधी मिलिमीटरला दीडने गुणा, मग १४ सेकंद उरतात. एफ २.८, आयएसओ ३२०० पासून सुरुवात करा. स्वयंचलित फोकस बंद करून व्याध पडद्यावर मोठा करा, तो बारीक टिंब होईपर्यंत रिंग फिरवा आणि रिंगवर चिकटपट्टी लावा. मोबाइल असेल तर तिपाई, रात्रीचा मोड आणि तीन सेकंदांचा टायमर पुरे. पडद्यावर लाल जिलेटिन कागदाचे तीन थर लावा, म्हणजे शेजाऱ्यांचेही डोळे वाचतील.

भिंग उघड्यावर बदलू नका, गाडीत बसून बदला. थंडीत बॅटरी निम्म्या वेळात संपते. दुसरी खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. विमानाने जाणाऱ्यांनी पॉवर बँक हातातल्या सामानात ठेवावी. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवर होते आणि मर्यादा १०० ची आहे.

हिवाळ्यातले ढग बहुतेक पश्चिमी झंझावातामुळे येतात. ते इराण-अफगाणिस्तानावरून सरकत येतात आणि दोन-तीन दिवस टिकतात. त्यांचा अंदाज चार-पाच दिवस आधी येतो, म्हणून निघण्याच्या आठवड्यात हवामान खात्याचा राजस्थानचा अंदाज रोज पाहा. झंझावात येतोय असे दिसले आणि तारीख सरकवता येत असेल तर दोन दिवस पुढे सरका. पाऊस पडून गेल्यावर धूळ खाली बसते आणि पुढच्या एक-दोन रात्री आकाश सर्वांत स्वच्छ असते, फक्त पहाटेच्या धुक्याची तयारी ठेवा. कॅमेरा तंबूत नेण्याआधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि तासाभराने उघडा, म्हणजे बाष्प पिशवीवर धरते, भिंगावर नाही.